तेलाच्या तळाशीं उरतें काय?

नागपूरच्या उत्तरेस असलेलें कोराडी हें गांव जगदंबेच्या देवस्थानामुळें सर्वांस ठाऊक आहे. १९७४ सालीं तेथील वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाल्यापासून त्यास विजेचें गांव अशी दुसरी ओळख मिळाली. येथील वीज कोळशापासून होते, हें शाळकरी मूलही सांगेल. परंतु कोळशाची भुकटी थंड भट्टींत नुसती सोडली तर ती पेट घेत नाहीं. चुलींतील लांकडें धरावीं म्हणून आधीं रॉकेलचा बोळा लावावा लागे, तोच न्याय या प्रचंड भट्ट्यांसही लागू आहे. अशा केंद्रांत प्रथम तेलाची ज्वाळा लावून भट्टी तापवितात व मग कोळसा आंत सोडतात. या कामीं जें जड, काळें तेल पुष्कळदां वापरलें जातें, तें खनिज तेलाच्या शुद्धीकरणांत अगदीं तळाशीं उरणाऱ्या भागापासून केलेलें असतें. या तळच्या गाळाचें पुढें काय होतें, हें आज आपण पाहूं.

तिळापासून निघतें तें तैल, अशी या शब्दाची व्युत्पत्ति आहे. त्या दृष्टीनें खडकांतून निघणाऱ्या द्रवास तेल म्हणणें हा लक्षणेचाच प्रयोग होय. या शिलातैलांत शेंकडा ८३ ते ८७ भाग कार्बन व १० ते १४ भाग हायड्रोजन असतो. उरलेल्या भागांत गंधक, नायट्रोजन, प्राणवायु आणि अत्यल्प धातु येतात. कारखान्यांत तें सुमारें ३५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें म्हणजे पेट्रोल, रॉकेल, डिझेल आपापल्या उकळण्याच्या क्रमानें वाफ होऊन वेगळे होतात. येथवर घडते ती केवळ निवड. कणांचें स्वरूप पालटत नाहीं. याहून अधिक तापविल्यास तेल फुटूं लागतें. म्हणून उरलेला भाग हवेचा दाब पुष्कळ कमी करून पुन्हां उकळवितात. त्यानंतरही जें वर चढत नाहीं, तो खरा गाळ.

या गाळांत मुख्य चार कुळें नांदतात. पहिलें संपृक्त तेलांचें, दुसरें कार्बनाच्या सहा-सहा अणूंचीं कडीं असलेल्या तेलांचें, तिसरें राळेसारख्या द्रव्यांचें आणि चौथें अ‍ॅस्फाल्टीनांचें. हें शेवटचें नांव बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३७ सालीं दिलें. अ‍ॅस्फाल्टीन तेलांत खऱ्या अर्थानें विरघळत नाहींत. राळ त्यांच्याभोंवतीं राहून त्यांना तरंगत ठेवते. दुधांत लिंबू पडतांच तें नासून चोथा वेगळा होतो, तद्वत् जड तेलांत न जुळणारें हलकें तेल मिसळलें तर अ‍ॅस्फाल्टीन खालीं बसतात, आणि टांक्या, गाळण्या व भट्टीच्या तोट्या चोंदतात.

या काळ्या द्रव्यांत एक नवल दडलेलें आहे. १९३४ सालीं ट्राइब्स या जर्मन रसायनज्ञास खनिज तेलांत व्हॅनेडियम धातूस धरून असलेलीं अशीं द्रव्यें सांपडलीं, कीं ज्यांची ठेवण हिरव्या पानांतील हरितद्रव्याशीं जुळते. कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या जीवसृष्टीची ती खूणच म्हणावयाची.

आतां या गाळास पांचशे अंशांच्या आसपास तापविलें तर काय घडतें? एकत्र कुटुंबाच्या वाटणीचा दाखला येथें चपखल बसतो. हायड्रोजन ही घराची इस्टेट समजा. पेट्रोल-डिझेलमध्यें कार्बनाच्या एका अणूमागें हायड्रोजनाचे सुमारें दोन अणू असतात. अ‍ॅस्फाल्टीनांत एकाहून थोडेच अधिक. उष्णतेनें मोठ्या कणांच्या बाजूच्या सांखळ्या तुटतात व हलकीं तेलें आणि वायु होऊन बाहेर पडतात. जातांना हायड्रोजनाचा मोठा हिस्सा घेऊन जातात. मागें राहिलेलीं कडीं निष्कांचन होतात, एकमेकांस चिकटतात, आणि शेवटीं कोक नांवाचा कोळसा बनतो. एकाच उष्णतेनें कांहीं हलकें होतें व कांहीं अधिकच जड होतें, तें या वाटणीमुळें.

इस्टेट अपुरी असेल तर मार्ग दोनच : जास्तीचा कार्बन कोकरूपानें काढून टाकणें, किंवा बाहेरून हायड्रोजन घालणें. पहिल्या मार्गाची सुरुवात जुनी आहे. रशियांत शुखोव्ह यांनीं तेल फोडण्याच्या कृतीचें पेटंट १८९१ सालीं घेतलें आणि अमेरिकेंत बर्टन यांची पद्धत १९१३ पासून व्यापारी प्रमाणावर चालू लागली. दुसऱ्या मार्गांत वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाबानें हायड्रोजन घालतात. त्यायोगें गंधकही सुटा होऊन निघतो. मात्र निकेल व व्हॅनेडियम हे धातु या क्रियेस साह्य करणाऱ्या द्रव्यांवर बसून त्यांना निकामी करतात, म्हणून हा मार्ग खर्चाचा आहे.

आपल्या देशांत दिग्बोईचा कारखाना १९०१ सालचा. मुंबईस तुर्भे-माहूलकडे १९५४ व १९५५ सालीं दोन मोठे कारखाने निघाले. तेच आज हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांचे आहेत. १९७४ सालीं मुंबईजवळच्या समुद्रांत सांपडलेलें तेल हलकें व कमी गंधकाचें आहे. परंतु देशाच्या गरजेच्या पांच हिश्श्यांपैकीं चारांहून अधिक तेल बाहेरून येतें, आणि त्यांत जें स्वस्त तें बहुधा जड व गंधकयुक्त असतें. म्हणून गाळाचा प्रश्न टळत नाहीं.

तो गाळ तसाच जाळला तर गंधकाचा दाहक धूर होतो, अ‍ॅस्फाल्टीन पुरते न जळल्यानें काजळी उडते, आणि व्हॅनेडियमची राख तापलेल्या नळ्यांस खाते. याच कारणास्तव सर्वोच्च न्यायालयानें १ नोव्हेंबर २०१७ पासून उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थान येथें भट्टीचें तेल व पेट्रोलियम कोक जाळण्यास बंदी केली; आणि जहाजांच्या इंधनांतील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून शेंकडा साडेतीनवरून अर्ध्यावर आणली गेली.

गाळाचा निरुपद्रवी उपयोगही आहे. रस्त्यावर घालतात तें डांबर बहुतांशीं हाच गाळ होय. नागपुरी उन्हाळ्यांत हवा व उष्णता यांच्या योगें त्यांतील कांहीं राळेचे हळूहळू अ‍ॅस्फाल्टीन बनतात, आणि रस्ता ठिसूळ होऊन त्यास भेगा पडतात. कारखान्यांत तासांत घडतें, तेंच येथें निराळ्या वाटेनें वर्षांत घडतें.

लोणी कढविल्यावर उरलेली बेरीही आपल्या घरच्या बायका फुकट जाऊं देत नाहींत. परंतु ती करपूं न देण्याबद्दलही त्या तितक्याच जागरूक असतात. राष्ट्राच्या चुलीवर जें चढतें, त्याच्या तळाकडेही तितकेंच लक्ष असावें. वरचें स्वच्छ तेल आपण घरांत वापरतों. तळच्या गाळाचा धूर मात्र कारखान्याशेजारच्या वस्तीनें सोसावयाचा, ही वाटणी न्यायाची नव्हे, असें आम्हांस वाटतें. गाळ जाळावा कीं पालटावा हा प्रश्न रसायनाचा खरा. पण त्याचा खर्च कोणीं उचलावा, हा प्रश्न आपणां सर्वांचा आहे.