लांब इंग्रजी नामांतील आघात

महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) बडोदे संस्थानाचा कारभार अनेक भाषांच्या सान्निध्यात चालत होता, आणि त्यातील पारिभाषिक शब्दांचा मेळ घालण्यासाठी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली पर्याय दिलेले आहेत. कोशातून अर्थ मिळतो, परंतु लांब इंग्रजी नाम उच्चारावे कसे, हा प्रश्न उरतोच. कारण मराठीत अक्षरे जवळपास सारख्याच जोराने उच्चारली जातात, तर इंग्रजीत एका अक्षरावर विशेष जोर, म्हणजे आघात, पडतो आणि आघातहीन अक्षरांतील स्वर बहुधा पुसट होतात.

येथे अक्षर म्हणजे लिपीतील वर्ण नव्हे, तर एका स्वराभोवती बांधलेला उच्चाराचा घटक होय. ‘म्युनिसिपल’ या विशेषणात अशी चार अक्षरे असून आघात दुसऱ्यावर, म्हणजे ‘नि’वर, आहे, मात्र ‘इटी’ हा प्रत्यय लागून सहा अक्षरांचे नाम झाले की आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर सरकतो आणि विशेषणात पुसट असलेला तेथील स्वर स्पष्ट होतो. मराठीने हा फरक ऱ्हस्व-दीर्घाच्या रूपाने टिपलेला दिसतो: ‘म्युनिसिपल’मध्ये ‘प’ राहिला, ‘म्युनिसिपालिटी’त मात्र ‘पा’ आला, आणि ‘म्युनिसिपालटी’ या बोलीतील रूपात तर त्यापुढील आघातहीन ‘इ’ गळूनच गेला.

इंग्रजी प्रत्ययांचे या दृष्टीने दोन गट पडतात. ‘शन’ आघात आपल्या लगेच आधीच्या अक्षरावर ओढून घेतो, म्हणून ‘रजिस्टर’मध्ये पहिल्या अक्षरावर असलेला जोर ‘रजिस्ट्रेशन’मध्ये ‘स्ट्रे’वर जातो, उलट ‘मेंट’, ‘नेस’ आणि ‘शिप’ हे प्रत्यय मूळ शब्दाचा आघात हलवत नाहीत, म्हणून ‘सिटिझन’ आणि ‘सिटिझनशिप’ या दोहोंत तो ‘सि’वरच राहतो. संस्कृतातून मराठीत आलेल्या शब्दघटनेतही असाच भेद आढळतो: ‘इक’ प्रत्यय लागताना ‘नगर’च्या आद्य स्वराची वृद्धी होऊन ‘नागरिक’ होते, पण त्यापुढे लागणारा ‘त्व’ शब्दाला धक्का न लावता ‘नागरिकत्व’ घडवतो. फरक इतकाच, की संस्कृत प्रत्ययाने झालेला बदल लिहिलेला दिसतो, तर इंग्रजी आघाताचे स्थलांतर वर्णलेखनात बहुधा उमटत नाही.

त्यामुळे अनोळखी लांब नाम समोर आले तर मुळाआधी शेवट पाहणे उपयोगी ठरते: ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘इटी’मुळे जोर ‘ट्रि’वर पडतो, आणि त्याच मुळापासून झालेल्या ‘इलेक्ट्रिफिकेशन’मध्ये ‘शन’मुळे तो ‘के’वर जातो.