मच्छरदाणी आपल्या घरात, राखण शेजारच्याही घराची

मागच्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, "आम्ही औषधी मच्छरदाणी लावतो, शेजारी लावत नाहीत. मग आमच्या एकट्याच्या लावण्याने गावातला हिवताप कसा जाणार?" प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू या.

हिवताप पसरवते ती ॲनोफिलिस डासाची मादी. अंडी घालायला तिला रक्त लागतं, म्हणून दर दोन-तीन रात्रींनी ती चावायला येते. साधी मच्छरदाणी तिला नुसती अडवते. औषधी मच्छरदाणीच्या धाग्यातच औषध असतं. जाळीवर बसलेली मादी मरते, आणि तिची पुढची अंडीही टळतात.

दुसरी गोष्ट अशी, की रोग्याचं रक्त प्यायलेली मादी लगेच रोग देत नाही. जंतू तिच्या अंगात तयार व्हायला साधारण १० ते १२ दिवस लागतात. तेवढ्यात तिला तीन-चारदा तरी रक्त शोधावं लागतं. दर वेळी औषधी जाळी आडवी आली, तर इतके दिवस जगणार किती जणी?

आफ्रिकेत केनिया देशात आसेंबो भागातल्या गावांमध्ये १९९० च्या दशकात हे तपासलं गेलं. तिथे मच्छरदाण्या असलेल्या घरांपासून ३०० मीटरच्या आतल्या, स्वतःकडे मच्छरदाणी नसलेल्या घरांतल्या मुलांचाही हिवताप कमी झाला. म्हणजे ताई, तुमची मच्छरदाणी शेजाऱ्यांचंही राखण करते. पण हा गुण येतो तो बहुतेक घरांनी रोज लावली तरच.

एवढ्याने सगळे डास संपत नाहीत. त्याच भागात माणसाला घरात चावणारी जात खूप घटली. गुराढोरांच्या रक्तावरही जगणारी जात मात्र टिकून राहिली. काही डास औषधाला दादही देत नाहीत. म्हणून साचलेलं पाणी काढा, शेतावर किंवा जंगलात मुक्काम असेल तर मच्छरदाणी सोबत न्या, आणि ताप आला की आशाताईंकडून रक्त तपासून घ्या.

मच्छरदाणी वरचेवर धुऊ नका. धुवायची तर साध्या साबणाने, नदी-तळ्यापासून दूर, आणि सावलीत वाळवा. फाटली तर शिवा.

येत्या बैठकीत एकच मोजणी करू या: आपल्या गटातल्या किती घरांत काल रात्री सगळे मच्छरदाणीत झोपले?