देहाची गंगाजळी

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत विजेचीं दोन जुनीं घरें आहेत. खालापूर तालुक्यांतील खोपोलीचें १९१५ सालीं सुरू झालें व कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें १९२२ सालीं. घाटमाथ्यावर पाऊस पडतो तो चारच महिने. परंतु वळवण, शिरोता, ठोकरवाडी येथील तलावांत तो अडवून ठेवलेला असल्यामुळें वैशाखांतहि नळांतून पाणी खालीं येतें आणि चक्रें फिरतात. एखाद्या वर्षीं तलाव कमी भरला तर ती उणीव श्रावणांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती कळते उन्हाळ्यांत.

मनुष्याच्या देहांतील असा तलाव म्हणजे स्नायु. हातापायांचें, पाठीचें, मांड्यांचें मांस. निरोगी तरुणाच्या वजनाचा साधारणपणें दोन पंचमांश भाग या मांसाचाच असतो. ओझें उचलणें व चालणें एवढेंच त्याचें काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. म्हणूनच नांगर मुलाच्या हातीं गेला कीं बापाच्या दंडांतील मांस झडलें तरी त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. परंतु हेंच मांस आजारपणांतील शिधा आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

देहाला चरबी सांठवितां येते. साखरहि थोडीबहुत यकृतांत व स्नायूंत ठेवतां येते. प्रथिनांना मात्र वेगळी कोठी नाहीं. ताप आला, जखम झाली किंवा हाड मोडलें म्हणजे यकृताला संरक्षक द्रव्यें घडवावीं लागतात, पांढऱ्या पेशींची फौज वाढवावी लागते, फाटलेलें सांधावें लागतें. या सर्वांना लागणारा माल स्नायु मोडूनच काढला जातो. निव्वळ उपवासांत देह कांहीं दिवसांनीं शहाणा होतो. चरबी जाळतो व मांस राखतो. तापांत हा संयम सुटतो. ग्लासगो येथील डेव्हिड कथबर्टसन यांनीं १९३० च्या सुमारास पाय मोडलेल्या रोग्यांच्या लघवींतील नायट्रोजन मोजला, तेव्हां तो मोडलेल्या पायापुरता नसून सर्वांगांतील मांसाची झीज दाखविणारा आहे असें त्यांना आढळलें. मोडतें एक हाड, आणि त्याची किंमत सारें अंग भरतें.

आतां उल्हासेच्या कांठच्या एखाद्या गांवांतील साठी उलटलेली बाई डोळ्यांपुढें आणावी. जन्मभर आषाढांत गुडघाभर चिखलांत ओणवें राहून तिनें भाताची लावणी केलेली. अंगानें सडसडीत, जिला लोक काटक म्हणतात अशी. एका पावसाळ्यांत तिला ताप येतो. मुलगा प्रेमानें म्हणतो, ‘आये, तूं उठूं नको, पडून रहा.’ सून तिन्ही त्रिकाळ पातळ पेज करून देते. पंधरा दिवसांनीं ताप जातो. दसऱ्याला मात्र असें दिसतें कीं, म्हातारीला पाटावरून उठतांना जमिनीला हात टेकावा लागतो, आणि दिवाळीपर्यंत तिला उठवावयास कोणीतरी लागतें. घरचीं माणसें म्हणतात, वय झालें. वय तर ज्येष्ठांतहि तेवढेंच होतें! चार महिन्यांत जें गेलें तें वयानें नेलेलें नसून तापानें, अंथरुणानें आणि पेजेनें मिळून नेलेलें असतें.

या तिघांत अंथरुणाचा वांटा किती मोठा, हें अमेरिकेंत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दिसलें. साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस बिछान्यावर ठेवलें, तों त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस गेलें. त्यांना ताप नव्हता, जखम नव्हती, आणि खाणेंहि बेताचें मिळत होतें. तरुणांतहि अशी झीज होते, पण ते ती लौकर भरून काढतात. म्हाताऱ्यांना तें साधत नाहीं, कारण उतारवयांत मज्जारज्जूंतून स्नायूंकडे जाणारे तंतु एकेक करून कमी होतात, विशेषतः चपळ हालचालीचे स्नायु आधीं झडतात, आणि तेवढ्याच घांसापासून पूर्वीइतकें मांस बनत नाहीं. या वार्धक्यांतील झिजेला इर्विन रोझेनबर्ग यांनीं १९८९ सालीं सार्कोपेनिया हें नांव दिलें. त्याच्या मूळच्या ग्रीक शब्दांचा अर्थ मांसाचें दारिद्र्य असा आहे, आणि तो अगदीं समर्पक आहे.

दरिद्री मनुष्याला एक धक्का पुरतो. बांधावर पाय घसरला असतां तोल सांवरण्याचें काम त्या चपळ स्नायूंचें. ते नसले कीं खुबा मोडतो, खुबा मोडला कीं पुन्हा अंथरूण, आणि अंथरुणांत उरलेलें मांस जातें. श्वास घेणें, खोकणें, घांस गिळणें हींहि स्नायूंचींच कामें आहेत. खोकून कफ बाहेर टाकण्याचें बळ न उरल्यामुळें कित्येक वृद्धांचा शेवट फुप्फुसाच्या सुजेनें होतो. जेवणानंतर रक्तांत येणाऱ्या साखरेचें सर्वांत मोठें गिऱ्हाईकहि स्नायूच असल्यामुळें ते घटले कीं मधुमेह बळावतो. भारतासह सतरा देशांतील सुमारें १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजून त्यांचा पाठपुरावा केला गेला. त्याचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत मृत्यूचा अंदाज रक्तदाबाच्या वरच्या आंकड्यापेक्षां पकडीवरून अधिक चांगला बांधतां आला.

सडसडीत म्हणजे काटक, हा समजहि तपासून पाहण्यासारखा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं आपलें व इंग्लंडांतील डॉक्टर जॉन युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण युडकिन यांच्या देहांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या देहांत २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाजवळ मांस कमी व चरबी अधिक असूं शकते. अर्थात् तलाव मुळांतच लहान. वाडीवर ज्यांचें बालपण अर्धपोटीं गेलें आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर राबण्यांत ज्यांचीं वर्षें सरलीं, त्यांच्याविषयीं तर बोलावयासच नको. अशा देहांत क्षय शिरला म्हणजे काय होतें हें त्या रोगाच्या नांवांतच सांगितलें आहे. झारखंडांत क्षयाच्या रोग्यांना औषधाबरोबर शिधाहि देऊन पाहिला गेला. त्याची जी हकीकत २०२३ सालीं छापली गेली तींत, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचें वजन वाढलें त्यांच्यांत मृत्यु पुष्कळ कमी घडल्याचें दिसतें. सरकार क्षयरोग्यांना आहारासाठीं २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हा पैसा औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे. तो घरखर्चांत मुरवूं नये.

गेलेलें मांस परत येतें काय? बोस्टन येथें १९९० सालीं एका वृद्धाश्रमांतील सरासरी नव्वदीच्या दहा जणांकडून पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेतला गेला. नऊ जणांनीं तो आठ आठवडे पुरा केला, आणि त्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें अडीच पटींहून अधिक झाली. नव्वदींत हें घडतें, तर साठींत कां घडूं नये? खेड्यांत त्यासाठीं यंत्राची जरुरी नाहीं. हात न टेकतां खुर्चीवरून उठणें व बसणें हाच व्यायाम, आणि हीच परीक्षाहि. असें पांच वेळां करावयास बारा सेकंद वा अधिक लागले तर स्नायु खालावले आहेत अशी शंका घ्यावी, असा आशियांतील तज्ज्ञांचा २०१९ चा संकेत आहे.

व्यायामाला अन्नाची जोड हवी. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागें ०.८३ ग्रॅम प्रथिनें पुरतात. वृद्धाला १ ते १.२ ग्रॅम हवींत, आणि आजारांत त्याहूनहि जास्त. मूठभर तांदळाच्या पेजेंतून दोन-तीन ग्रॅमच मिळतात. एका अंड्यांत सहा ग्रॅम असतात, शंभर ग्रॅम वालांत सुमारें वीस. आणि भाताच्या कापणीनंतर याच शेतांत वाल पेरले जातात! सुका बोंबील, कुळथाची पिठी, दूध, डाळ यांतलें जें चालतें तें थोडथोडें तिन्ही वेळच्या खाण्यांत असावें. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यानें मात्र हें प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें.

वर सांगितलेल्या म्हातारीच्या घरीं एवढें कळलें, तर ताप उतरूं लागतांच मुलगा तिला ओट्याच्या कडेला पाय जमिनीवर टेकवून बसवील. पेजेबरोबर सून अंडें नाहीं तर डाळ देईल. दोन दिवसांनीं म्हातारी भिंत धरून तुळशीपर्यंत जाईल, आणि माघांत वालाच्या शेंगा तोडावयास स्वतःच्या पायांनीं शेतावर येईल.