बोलीतून गेले, कायद्यात राहिले

जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. राजद्रोहाचे काय झाले, कलमांचे नवे क्रमांक कसे लक्षात ठेवायचे, ‘चारशे वीस’ला आता ‘तीनशे अठरा’ म्हणायचे का, यावर पुष्कळ बोलून झाले. या बदलात एक शब्द मात्र कुणाच्या लक्षात न येता गेला: ठग. १८६० च्या दंड संहितेचे ३१० वे कलम ठग कोण ते सांगत होते आणि ३११ वे कलम त्याला जन्मठेप देत होते. नव्या संहितेत ही दोन्ही कलमे नाहीत.

मराठीत ठग म्हणजे गोड बोलून गंडवणारा. आपल्याकडून इंग्रजीत गेलेला हा शब्द तिकडे दांडगाई करणाऱ्या गुंडाला लावतात. दंड संहितेतला ठग या दोघांहून वेगळा होता. खुनाच्या मार्गाने किंवा खुनासह जबरी चोरी करण्यासाठी, मुले पळवण्यासाठी जो इतरांशी नेहमीची संगत ठेवतो, तो कायद्याने ठग. मध्य भारतातल्या वाटांवर प्रवाशांचे गळे आवळणाऱ्या टोळ्यांमागे विल्यम स्लीमन हा ब्रिटिश अधिकारी जबलपुरात ठाण मांडून बसला होता. या टोळ्यांच्या गुप्त बोलीचा कोश त्याने १८३६ मध्ये कलकत्त्यात छापला. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि जबलपूरही त्याच प्रांतात आले. टोळ्या तोवर मोडल्या होत्या. त्यांच्यासाठी लिहिलेले कलम मात्र १ जानेवारी १८६२ ला लागू झाले आणि २०२४ पर्यंत टिकले.

कायद्यात शब्द असाच राहतो. बोलणारे पुढे जातात, अर्थ सरकतो, कधी शब्दच बोलीतून उठून जातो, पण कायद्याच्या पुस्तकात तो आला त्या दिवशीच्या अर्थाने बसून असतो. त्यामुळे इंग्रजी चांगले येणारा माणूसही इथे फसतो. किंबहुना तोच जास्त फसतो. अनोळखी शब्द निदान विचारायला तरी लावतो.

‘मिस्चिफ’ घ्या. शाळेतल्या इंग्रजीत त्याचा अर्थ खोडी, व्रात्यपणा. कायद्यात तो दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस करण्याचा गुन्हा आहे. जुन्या संहितेत कलम ४२५, नव्या संहितेत ३२४. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी वाईट शेवट, अरिष्ट असा अर्थ होता. इंग्रजी घरांत तो उतरत उतरत मुलांच्या खोड्यांवर आला, कायद्यात मात्र अरिष्टाजवळच थांबला. मराठी अनुवादाने त्याला ‘आगळीक’ म्हटले आहे. शब्द गोड आहे, पण उभे पीक जाळणाऱ्याने आगळीक केली असे गावात कुणी म्हणणार नाही. १८६० च्या संहितेतले या गुन्ह्याचे एक उदाहरण नागपूरच्या उन्हाळ्यात वाचावे असे आहे: एकाने दुसऱ्याच्या बर्फघरात पाणी सोडले आणि आतला बर्फ वितळवला. तेव्हा बर्फ अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरून कापून गलबतांनी यायचा. कलकत्त्याला पहिली खेप १८३३ मध्ये उतरली होती.

‘अफ्रे’चेही असेच. इंग्रजीत घाबरलेल्याला जो ‘अफ्रेड’ म्हणतात, तो याच शब्दातून निघाला. म्हणून त्यात भांडणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांची भीती महत्त्वाची. दोघे किंवा अधिक जण सार्वजनिक जागी मारामारी करतील आणि लोकांची शांतता मोडतील, तरच हा गुन्हा होतो. तीच मारामारी घराच्या दाराआड झाली तर कलम वेगळे.

फौजदारीतून दिवाणीकडे वळले की जुन्या शब्दांची दाटी वाढते, आणि त्यातल्या एका शब्दाशी नागपूरचे जवळचे नाते आहे. १८८२ चा ‘ईझमेंट’चा कायदा सुरुवातीला मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत एवढ्याच मुलखांना लागू होता. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये गेला, म्हणजे नागपूरला हा शब्द पुण्या-मुंबईआधी मिळाला. त्याचे मूळ आराम, सोय. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा, तिच्यावरून पाणी नेण्याचा, आपल्या खिडकीला तिकडून उजेड-वारा मिळण्याचा हक्क तो सांगतो. अनुवादात ‘सुविधाधिकार’ लिहितात. लोक वहिवाट म्हणतात, आणि लोकांचा शब्द सरस आहे, कारण या कायद्याचा प्राणच वहिवाट आहे: उघडपणे, शांततेने, हक्काने आणि खंड न पडता वीस वर्षे वापर झाला की हक्क पक्का होतो.

याच कायद्यात ‘डॉमिनंट हेरिटेज’ आणि ‘सर्व्हियंट हेरिटेज’ अशी जोडी येते. हेरिटेज म्हटले की आज डोळ्यांपुढे झीरो माइलचा स्तंभ येतो किंवा हायकोर्टाची जुनी इमारत. कायद्याला अभिप्रेत आहे साधी जमीन. ज्या जमिनीच्या सोयीसाठी हक्क आहे ती पहिली, जिला तो हक्क सोसावा लागतो ती दुसरी. स्कॉटलंडच्या कायद्यात स्थावर मालमत्तेला आजही हाच शब्द आहे. विदर्भात पांदण रस्त्यावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या वैर चालते. धुऱ्यावरून बैलगाडी नेऊ देत नाही म्हणून कोर्टात गेलेल्या शेतकऱ्याच्या दाव्यात इंग्रजी लिहिताना त्याच्या वावराला ‘डॉमिनंट हेरिटेज’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच वावराचा आहे हे त्याला कुणी समजावून सांगत नाही.

हा कायदा लिहिणारा माणूस शब्दांना जीव लावणारा होता. व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा. १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य. मालमत्ता हस्तांतरण, विश्वस्त निधी, ईझमेंट असे आजही चालणारे कायदे त्याच्या हाताखालून गेले. आणि उरलेल्या वेळात तो काय करी? आयरिश आणि इतर केल्टिक भाषांतली जुनी हस्तलिखिते वाची, त्यांच्या संहिता छापी. केल्टिक भाषांच्या अभ्यासात त्याचे नाव आजही आदराने घेतात. अप्रचलित शब्दाचे नेमकेपण म्हणजे काय, हे त्याच्याइतके कुणाला कळणार? त्याच्या मसुद्यांत शब्द सैल पडलेला सापडत नाही. अडचण एवढीच की ते ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांना त्यांच्या भाषेत ते नेमकेपण कधी पुरेसे पोचले नाही.

नागपूरला सर्वांत महाग पडलेला इंग्रजी शब्द कुठल्या कलमातला नव्हता. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. पोटी मुलगा नव्हता. डलहौसीने ‘लॅप्स’चे तत्त्व पुढे केले आणि १८५४ मध्ये राज्य कंपनीच्या मुलखात गेले. घराण्याने घेतलेले दत्तक कंपनीने वारस म्हणून मानले नाही. वाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकले. आजच्या इंग्रजीत लॅप्स म्हणजे चूक, विसर, हयगय. तेव्हाच्या कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ होता, धारक नाहीसा झाल्यामुळे हक्क घसरून वरच्याकडे जाणे. दत्तकाला औरस मुलासारखा मानणाऱ्या समाजावर हा अर्थ लादला गेला. मराठी माणसाने तेव्हाही त्यासाठी आपलाच शब्द वापरला, खालसा. संस्थान खालसा झाले. त्या शब्दात कायद्याचा आडपडदा नाही. घेतले ते घेतलेच.

लॅप्सचा एक जुना भाऊबंद आहे: ‘एस्चीट’. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनधारक निर्वारस मेला की जमीन सरदाराकडे किंवा राजाकडे परत पडे, त्याला हे नाव. ती वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यांनी लोकांना इतके नाडले की फसवणुकीसाठीचा रोजचा इंग्रजी शब्द ‘चीट’ त्यातूनच निघाला. लॅप्स आणि एस्चीट हे दोन्ही शब्द आपल्या राज्यघटनेत आहेत. अनुच्छेद २९६ मध्ये एस्चीट, लॅप्स आणि तिसरा लॅटिन ‘बोना व्हॅकॅन्शिया’, म्हणजे बेवारस माल, असे तिन्ही एका ओळीत येतात आणि अशी मालमत्ता संघराज्याची की राज्याची ते ठरवतात. भोसल्यांचे राज्य गिळणारा शब्द स्वतंत्र भारताच्या घटनेत शंभर वर्षांच्या आत दाखल झाला, तोही लोकनियुक्त सरकारसाठी बेवारस घरादारांची व्यवस्था लावणारा म्हणून.

ही घटना लिहिणाऱ्या घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडातून गेलेले एक सदस्य होते डॉ. रघुवीर. नागपूरने त्यांची आठवण ठेवायला हवी तितकी ठेवलेली नाही. जन्म १९०२ चा, रावळपिंडीचा. लंडन आणि उट्रेख्टला शिकलेले हे संस्कृतपंडित लाहोरला अध्यापन आणि संशोधन करत. १९४६ मध्ये, फाळणीच्या आधी, त्यांनी आपली संशोधन संस्था, पुस्तके आणि हस्तलिखिते नागपुरात आणली. इथून पुढची दहा वर्षे इंग्रजी शब्दांना भारतीय प्रतिशब्द घडवण्याचे जेवढे काम एका ठिकाणी झाले, तेवढे दुसरीकडे क्वचितच झाले असेल. इंग्रजी-हिंदीचा त्यांचा मोठा शासकीय कोश १९५५ मध्ये आला. नंतर राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले आणि संस्था दिल्लीला हलली.

त्यांची रीत शिस्तीची होती. एक संस्कृत मूळ घ्यायचे, त्याला उपसर्ग आणि प्रत्यय लावून शब्दांचे अख्खे कुटुंब उभे करायचे. विधी धरला की विधान, विधेयक, विधायक, वैध, संविधान असे सगळे नातेवाईक ओळखता येतात. इंग्रजीत कायदा, विधेयक आणि कायदेशीर यांचे शब्द असे एका घरातले नाहीत. टीकाकारांनी ‘रघुवीरी हिंदी’ म्हणून त्यांची टवाळी केली आणि थट्टेखातर रचलेले लांबलचक शब्दही त्यांच्या नावावर खपवले. ही टीका अन्यायाची होती. विधेयक हा शब्द आज मराठी वर्तमानपत्राचा कुठलाही वाचक अडखळल्याशिवाय वाचतो. पण त्यांच्या रीतीची एक मर्यादा मान्य करावी लागते. ती नवी संकल्पना मांडायला जितकी उपयोगी, तितकी जुना व्यवहार सांगायला नाही. लॅप्सला ‘व्यपगत’ म्हटल्याने नियम कळत नाही, ‘खालसा’ने निदान घाव तरी कळतो. ईझमेंटला ‘सुविधाधिकार’ म्हटले की कंसात पुन्हा वहिवाट लिहावे लागते.

राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, खालच्या न्यायालयांत मराठी चालते. पण घटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या खंडपीठाचे काम इंग्रजीत होते, आणि जमिनीचे अनेक दस्तही अजून इंग्रजी साच्यातच लिहिले जातात. नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, आणि सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्यांवर शहराचा बराच भाग वसलेल्या नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. इंग्रजी भाडेपट्ट्यात ‘डिमाइज’ येतो. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ मृत्यू. पट्ट्यात त्याचा अर्थ जागा मुदतीने दुसऱ्याच्या हवाली करणे. ‘धिस डीड विटनेसेथ’ यातला शेवटचा ‘एथ’ इंग्रज बोलताना केव्हाच विसरले. ‘बाय दीज प्रेझेंट्स’ यात भेटवस्तू नाहीत. ‘या दस्ताने’ एवढाच त्याचा अर्थ.

हे शब्द एका झटक्यात काढा म्हणणे घाईचे ठरेल, कारण त्यांच्यावर शेकडो निवाडे उभे आहेत. पण इंग्रजी दस्त नोंदवताना त्यातल्या पंधरा-वीस जुन्या शब्दांचा अर्थ सांगणारे मराठी पान जोडायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. हे पान लोकांच्या मराठीत हवे: वहिवाट, हवाली, मुदत, वारस, सरकारजमा. मुद्रांक विक्रेता, दस्तलेखक आणि वकील या तिघांनाही हे शब्द तोंडपाठ असतात. सही करणाऱ्याला ते कागदावर मिळायला हवेत, सही करण्याच्या आधी.