खिळ्याविना छप्पर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीतल्या चुका पोटात घाला. वर्गात शिकूनही डोक्यात न शिरलेला 'पिन जॉइंट' मला जपानमधल्या शेतकऱ्यांच्या घरांमुळे कळला!

डोंगराळ शिराकावा-गो भागात ही 'गाश्शो-झुकुरी' घरं आहेत. गाश्शो म्हणजे जोडलेले हात. छप्पर तसंच, गवताचं आणि साधारण 60 अंश उताराचं. तिथे बर्फ प्रचंड पडतो, तो साचून राहिला तर घर खालीच बसेल. पण खरी गंमत वाशांच्या बुडाशी आहे. छपराचे मोठे तिरके वासे खालच्या टोकाला पेन्सिलीसारखे निमुळते करतात आणि आडव्या तुळईच्या खाचेत नुसते टेकवतात. खिळा नाही, बोल्ट नाही. बाकी बांधणी दोरांची आणि पिळलेल्या कोवळ्या फांद्यांची. जोराचा वारा आला की सांधा किंचित फिरतो, मोडत नाही.

माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे, खाली 'इरोरी' म्हणजे जमिनीतली चूल पेटती असायची. तिच्या धुराने गवत कोरडं राहतं, कीड लागत नाही. कोकणातल्या घराबद्दल आजी हेच सांगायची आणि मी हसायचे. सॉरी आजी!

गवत 30-40 वर्षांनी बदलतात. तेव्हा 'युई' पद्धतीने शे-दोनशे माणसं जमून एक बाजू एक-दोन दिवसांत शाकारतात. 1995 मध्ये युनेस्कोने ही गावं जागतिक वारसा ठरवली. पण घर रिकामं राहिलं की धूर बंद, मग छपराचं आयुष्यही कमी.

आजीचं घर सध्या बंदच आहे. मे महिन्यात जाऊन आधी वासे बघणार आहे.