अंडं चालतं का?

"अंडं खातोस का?" टेबलापलीकडून प्रश्न येतो. दहावीतला मुलगा तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आई सांगून टाकते, "केकमधलं चालतं त्याला, नुसतं नाही." समोरचे तिघे माना डोलावतात, एकजण कागदावर काहीतरी टिपून घेतो. टिपण अंड्याचं नसतं. उत्तर कोणी दिलं, याचं असतं.

शाळकरी मुलांना वर्षभरासाठी परदेशी पाठवणाऱ्या एक्स्चेंज कार्यक्रमांच्या मुलाखती बऱ्याचदा अशाच वळणाने जातात. आपल्याकडे त्यातला सर्वांत ओळखीचा कार्यक्रम म्हणजे रोटरी युथ एक्स्चेंज. त्याचा उगम फ्रान्समधल्या नीस शहराच्या रोटरी क्लबने १९२७ साली केलेल्या अदलाबदलीत सापडतो. साधारण १५ ते १९ वयाची मुलं यात जातात, शैक्षणिक वर्षभर तिथल्या शाळेत शिकतात आणि राहतात अनोळखी कुटुंबांत. तेही एका नव्हे, बहुधा दोन-तीन घरांत, आळीपाळीने. राहणं, जेवण आणि शाळा यजमानांकडे. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा आणि हातखर्च आईबापांकडे. शिवाय इथल्या घराला तिकडच्या एखाद्या मुलाला सांभाळायची तयारी ठेवावी लागते. अदलाबदल म्हटल्यावर ते आलंच.

निवडीची सुरुवात अर्जापासून होते आणि तो अर्ज भल्याभल्यांना घाम फोडतो. मुलाने अनोळखी यजमानांना लिहायचं पत्र, आईबापांनी वेगळं लिहायचं पत्र, शाळेचा अभिप्राय, लसीकरणाच्या नोंदी, घराचे आणि घरच्यांचे फोटो. दातांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्रसुद्धा! परक्या देशात दाढ ठणकली की खर्च आणि धावपळ कोणाच्या गळ्यात पडते, हे अनुभवाने शिकलेल्या माणसांनी तो कागद घातला असणार. मुलाचं पत्र मुलानेच लिहिलंय की क्लासच्या सरांनी, हे मात्र वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं. 'मला भारतीय संस्कृतीचा राजदूत व्हायचं आहे' हे वाक्य सोळा वर्षांचं पोर आपणहून लिहीत नाही.

मुलाखत घेणारेही कोणी व्यावसायिक परीक्षक नसतात. क्लबातले डॉक्टर, दुकानदार, शिक्षिका असतात. सोबत कधी एखादा 'रोटेक्स', म्हणजे पूर्वी एक्स्चेंजवर जाऊन आलेला तरुण. खरी धास्ती त्याचीच धरावी, कारण घोकलेली उत्तरं त्याने स्वतः कधीतरी दिलेली असतात. पंतप्रधान कोण आणि राजधानी कुठली, हे प्रश्न होतात, पण नुसते गरम व्हायला. मग सुरू होतं दुसरंच. घरी भांडी कोण घासतं? शेवटचं कधी एकटा राहिलास? यजमानांचा मुलगा रात्री गुपचूप बाहेर पडला आणि 'कोणाला सांगू नकोस' म्हणाला, तर काय करशील? इथे ९५ टक्केवाला अडखळतो आणि वसतिगृहात राहिलेली, शाळेच्या संघातून गावोगाव खोखो खेळलेली मुलगी सरळ सांगून मोकळी होते की, पहिल्या दिवशी गप्प बसेन, दुसऱ्यांदा झालं तर त्यालाच सांगेन की आता मी सांगणार आहे.

नियम कडक असतात. इंग्रजीतल्या 'ड' पासून सुरू होणाऱ्या चार गोष्टी वर्ज्य: ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग. मोडले तर परतीचं तिकीट हातात पडू शकतं. उलट बाजूला यजमान कुटुंबांचीही पार्श्वभूमी तपासली जाते, त्यांचं घर पाहिलं जातं आणि मुलाला एक समुपदेशक दिला जातो. तो यजमान घरातला नसावा, अशी अट असते. तक्रार यजमानांबद्दलच असली तर ती यजमानांकडेच कशी नेणार?

भांडी आणि एकटेपणा एवढे का चिवडायचे, याचं उत्तर जुन्या एका अभ्यासात मिळतं. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली छापलेल्या या अभ्यासासाठी, फुलब्राइट योजनेतून अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियनांकडे चौकशी केली होती. सहा महिन्यांच्या आत परतलेले खुशीत होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही रुळलेले होते. मधलेच सर्वांत कमी रमलेले. पुढच्या संशोधकांना हा मध्येच खाली जाऊन पुन्हा वर येणारा आलेख इतका सुबक आढळला नाही. तरी मुलं पाठवणाऱ्या कोणालाही विचारा: विमानतळावरचं रडणं कोणी मनावर घेत नाही. नवलाई ओसरून थंडी पडली आणि घरी दिवाळीचा फराळ सुरू झाला, की फोन येऊ लागतात.

तीन अनोळखी माणसांनी वीस मिनिटांत हे सगळं ओळखायचं, म्हणजे जरा अतिच. बोलकी, इंग्रजी सफाईदार असलेली मुलं मुलाखतीत उजळून दिसतात. बुजरी पण चिवट मुलं मागे पडतात. आणि ज्याच्या घरात पाहुण्या मुलाला द्यायला कोपरा नाही, तिकिटाचे पैसे नाहीत, त्याच्यापर्यंत अर्जच पोचत नाही. हा दोष निवड समितीचा कमी, योजनेच्या रचनेचा जास्त. पण आहे खरा. दुसरी वाट दाखवली ती शिष्यवृत्त्यांनी. अमेरिकेने २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर, २००२ साली 'येस' हा कार्यक्रम आखला आणि मुलांचा खर्च सरकारने उचलला. त्यात भारतातली मुलंही गेली. त्यांच्या निवडीचं काम इथे पाहणारी एएफएस ही संस्था मुळात पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची. शाळकरी मुलांची ने-आण तिने १९४७ मध्ये सुरू केली.

आपल्याकडचा खरा तिढा मात्र वेगळाच असतो. "अकरावीचं काय?" हा प्रश्न समितीच वडिलांना विचारते. वर्ष मागे पडणार, सोबतची मुलं प्रवेश परीक्षांच्या क्लासला जाणार, हे ज्यांनी घरात बोलून घेतलेलं नसतं त्यांचे चेहरे तिथेच पडतात. समितीच्या लेखी ही पालकांची मुलाखत असते, आणि ती मुलाच्या मुलाखतीइतकीच मोजली जाते.

यादी लागते तेव्हा पसंतीचा देश मिळतोच असं नाही. अमेरिकेची स्वप्नं पाहिलेल्या घरात हंगेरी किंवा तैवान येतं. आजी नकाशा मागते. वडील विचारतात, बदलून मिळेल का? पोरगा तोवर ब्लेझर शिवायला टाकायच्या मागे लागलेला असतो, कारण त्यावर जगभरच्या मुलांशी अदलाबदल केलेल्या पिना लावायच्या असतात. आपल्या बाजूने द्यायला काय न्यायचं, यावर मग खल चालतो. तिरंग्याच्या पिना स्वस्त पडतात, पण त्या तर सगळेच भारतीय आणतात. आई म्हणते, पैठणीच्या छोट्या चिंध्यांची फुलं करून देते, शंभरेक पुरतील ना?