पिकअपचे नाक किती वर असावे?

अमेरिकेत फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो किंवा रॅम १५०० अशी कुठलीही नवी पिकअप बाजूने पाहिली, तर तिचा मागचा भाग पुढच्यापेक्षा एक-दोन इंच उंच दिसतो. अनेक मालकांना हा झुकाव खटकतो. लिफ्ट किट बसवून गाडी चार-सहा इंच उंच केली, तरी तो बहुधा उरतोच आणि मोठ्या टायरांमुळे अधिकच डोळ्यांत भरतो. मग पुढचे सस्पेन्शन आणखी उचलून गाडी सपाट करायचा बेत ठरतो. पण मुळात पिकअपची सपाटी रिकाम्या गाडीवर मोजायचीच नसते. ज्या कामासाठी गाडी घेतली, त्या कामाचे ओझे चढल्यावर ती सपाट उभी राहते की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे. रिकाम्या गाडीचा झुकाव हा दोष नाही, तर येणाऱ्या ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे.

हे ओझे थोडेथोडके नसते. हौद्यात माल भरला की मागच्या स्प्रिंगा दबतात आणि गाडी मागून खाली बसते. ट्रेलर जोडला तर परिणाम आणखी वाढतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर यावा, असा अमेरिकेत सर्वमान्य नियम आहे. म्हणजे ३,००० किलोच्या ट्रेलरचा ३०० ते ४५० किलो भार थेट पिकअपच्या शेपटीवर येतो. ही जोडणी मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे तरफेसारखे काम होते: मागचा भाग दबतो आणि पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. मागे जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते, तसेच हे आहे. फरक इतकाच की पिकअपची पुढची चाके गाडी वळवतात आणि ब्रेक लावल्यावर थांबवण्याचा मोठा वाटाही उचलतात. त्यांच्यावरचा भार घटला की स्टिअरिंग सैल वाटते आणि पकड कमी होते. रिकामी असतानाच सपाट केलेली गाडी भरल्यावर नाक वर करूनच धावणार.

नाक उचलण्याचे उपाय दिसायला सोपे आणि स्वस्त आहेत, त्यामुळेच ते लोकप्रिय आहेत. सर्वांत सामान्य उपाय म्हणजे पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर धातूची किंवा प्लास्टिकची चकती, म्हणजे स्पेसर, बसवणे. स्ट्रट खालच्या कंट्रोल आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असल्यामुळे एक इंच जाडीची चकती गाडीला जवळपास दोन इंच उचलते. टॉर्शन बार असलेल्या गाड्यांमध्ये नुसता बोल्ट पिळूनही उंची वाढते. पण दोन्ही उपायांत सस्पेन्शनची एकूण हालचाल वाढत नाही, तिची वाटणी तेवढी बदलते. चाकाला खाली उतरायला जी जागा होती, तिचाच काही भाग उंचीत खर्ची पडतो. खड्डा आला की चाक पुरते खाली जात नाही आणि आर्म लवकर अडतो. टॉर्शन बार पिळल्यावर गाडी कडक झाली असे मालक म्हणतात. प्रत्यक्षात बारचा कडकपणा फारसा बदललेला नसतो. चाकाची खाली जाण्याची मुभा संपलेली असते. शिवाय कंट्रोल आर्म तिरके होतात, वरचा बॉल जॉइंट त्याच्या कोनाच्या मर्यादेजवळ जातो, आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे सीव्ही जॉइंट वाढलेल्या कोनात फिरून लवकर झिजतात.

आधीच उंच केलेल्या गाडीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. चांगल्या चार-सहा इंची किटमध्ये खालच्या आर्मची बैठक नव्या क्रॉसमेंबरने खाली आणलेली असते, डिफरन्शियल खाली उतरवलेले असते आणि नकल उंच दिलेले असते. हा सगळा खटाटोप सांध्यांचे कोन कंपनीच्या मूळ कोनांजवळ ठेवण्यासाठी असतो. अशा किटवर वरून स्पेसर चढवला, तर पैसे मोजून राखलेली भूमिती आपणच बिघडवतो. म्हणून आधी नेहमीचे सामान भरून, ट्रेलर ओढत असाल तर तो जोडून, चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि ते भाराविना घेतलेल्या मूळ मापांशी ताडून पाहावे. भार असतानाही मागची बाजू उंचच राहत असेल, तर बहुधा मागच्या ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये उंचीसाठी बसवलेला ब्लॉक गरजेपेक्षा जाड असतो. तो बदलून पातळ ब्लॉक आणि नवे यू-बोल्ट बसवले, की पुढच्या सांध्यांना हात न लावता झुकाव कमी होतो. त्यानंतरही पुढून उचलणे भागच असेल, तर योग्य लांबीचे स्ट्रट आणि सुधारित वरचे आर्म घ्यावेत आणि व्हील अलाइनमेंट करूनच गाडी रस्त्यावर आणावी.

नाकाच्या उंचीचा भुर्दंड फक्त मालकाला पडत नाही. दोन्ही ॲक्सलमधले अंतर १४५ इंच धरले आणि मूळ स्थितीच्या तुलनेत नाक दोन इंच वर गेले, तर हेडलाइटचा झोत ५० मीटरवर सुमारे ७० सेंटिमीटर आणि १०० मीटरवर जवळजवळ १४० सेंटिमीटर वर चढतो. समोरून येणाऱ्या छोट्या कारच्या चालकाचे डोळे नेमके त्याच पट्ट्यात येतात. म्हणून उंची बदलल्यावर दिवे पुन्हा लावून घेणे बंधनकारक समजावे. पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच ठेवण्यावर नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून बंदी घातली. तो टोकाचा प्रकार होता हे खरे, पण नाक वर गेल्यावर चालकाला जवळचा रस्ता कमी दिसतो आणि दिवे भलतीकडे जातात, हे दोष थोड्या उंचीतही थोड्या प्रमाणात येतातच.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, कंपन्या स्वतःच उंच गाड्या विकतात; सिल्व्हराडो ट्रेल बॉस कारखान्यातूनच दोन इंच उंच येते. खरे आहे. पण तिथे स्प्रिंग, डॅम्पर, ब्रेक आणि स्थिरता नियंत्रण यांचा मेळ घालूनच गाडी विक्रीला येते. आपण विकत घेतलेल्या चकतीमागे तसा मेळ नसतो. दुसरा आक्षेप: मोठ्या टायरांना जागा हवी. पण बहुतेक स्पेसरांमुळे उभ्या गाडीची उंची वाढते. चाक वर जाऊन जिथे अडते, तो बंपस्टॉप होता तिथेच राहतो. टायर घासतो तो सस्पेन्शन दबून वळताना. त्यावर उपाय टायरच्या मापात आणि रिमच्या ऑफसेटमध्ये शोधावा लागतो. तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: गाडी कधीच भरली जात नाही, मग ओझ्याची चिंता कशाला? अशा मालकाने थोडी सपाटी आणावी, त्यात गैर काही नाही. मात्र उचल लहान ठेवावी, अलाइनमेंट आणि दिवे नीट करून घ्यावेत आणि पुढे कधी ट्रेलर ओढायची वेळ आली तर हिशोब नव्याने मांडावा.

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस चालवणाऱ्या मराठी मालकांनाही हे लागू आहे, कारण त्यांच्या गाड्यांनाही पुढे स्वतंत्र कॉइल सस्पेन्शन आणि मागे पाटेच आहेत. शिवाय भारतात कायदा अधिक कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे किट घेण्याआधी परवानगीची खात्री करावी. तरीही कायद्याच्या भीतीपेक्षा कामाची समज अधिक उपयोगी पडेल. पिकअपचे सौंदर्य तिच्या ओझे वाहण्याच्या ताकदीत आहे, आणि ते ओझे सुरक्षितपणे वाहून नेता येईल एवढाच झुकाव तिला शोभतो.